माझ्या सात फटी

बालमित्रांनो, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला सावलीसाठी लावतात ना, ती ताडपत्री मी. कधीकाळी हिरवीगार होते. आता माझा रंग कोणता, हे मलाही सांगता यायचं नाही. माझी गोष्ट ऐकून घ्या. माझ्याशी बोलणारं आता कुणी उरलेलं नाही.

माझा जन्म शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यात, चोपड्याला अभिमनभाऊ बिऱ्हाडे यांच्या दुकानात झाला. भाऊ ट्रकच्या ताडपत्र्या शिवत. त्यांची बायको प्रमिलाबाई वारल्यापासून घरात दुसरं माणूस नव्हतं, म्हणून ते आमच्याशीच बोलत. एकदा केळीचे व्यापारी आधारनाना आले. केळी कापायला येणाऱ्या बायका भर उन्हात जेवतात, त्यांच्यासाठी ट्रॉलीच्या कडेला छत करून द्या, म्हणाले. भाऊंनी मला दुहेरी शिवलं, कडेत जाड दोर घातला, पितळी कड्या ठोकल्या आणि ऐटीत सांगितलं, "ही फाटनी तं मी नाव बदली टाकसु!"

चूक झाली ती इथेच. भाऊंनी जन्मभर भरलेल्या ट्रकवर ताडपत्र्या आवळल्या होत्या. तिथे खाली माल असतो, वाऱ्याला शिरायला जागा नसते. जितकं आवळाल तितकं चांगलं. माझ्याखाली मात्र माल नव्हता, माणसं बसणार होती, आणि पुढची बाजू सताड उघडी होती. हे भाऊंच्या ध्यानात आलं नाही. मला तरी कुठे आलं? मी आपली दोन लोखंडी पाइपांवर ताठ होऊन मिरवत होते.

सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून मोगराबाई कामाला यायची. तिची रेशमा तेव्हा सहा महिन्यांची होती. माझ्या पाइपाला झोळी बांधून ती लेकीला निजवायची आणि केळीचे घड वाहायला जायची. झोळीत हसणारी रेशमा मला वरून दिसे. इतकं सुख मला पुन्हा कधी लाभलं नाही.

वैशाखात एका दुपारी पश्चिमेकडून वारा उठला. तो माझ्या पोटात शिरला आणि बाहेर पडायला त्याला वाटच सापडेना. मी फुगले. गाठी सुटेनात, मी फाटेना. शेवटी जमिनीतून पाइपच उपटले गेले. मोगराबाई धावत आली. तिने झोळीतून रेशमाला ओढून घेतलं, पण पाइप तिच्या मनगटावर पडला आणि हाड मोडलं.

वारा थांबल्यावर आधारनानांनी मला उलटीसुलटी करून पाहिलं. "देखा, एक टाकाबी निंघना नही!" ते म्हणाले. मित्रांनो, त्या कौतुकाची मला आजही लाज वाटते.

मोगराबाईचा हात दोन महिने गळ्यात होता. पुन्हा कामावर आली तेव्हा तिने झोळी लांबच्या निंबाला बांधली. तिचं पाहून बाकीच्या बायकाही तिकडे गेल्या. एवढी मोठी सावली धरून मी दिवसभर रिकामी उभी असे.

ते कानावर आलं तेव्हा अभिमनभाऊ स्वतः शेतात आले. मोगराबाईने त्यांना रागावून काही म्हटलं नाही. "तुनी ताडपत्री चांगली शे भाऊ, पन तिना खाले मी पोरले निजाडनार नही," एवढंच बोलली. मग तिने शेजारच्या बागेकडे बोट दाखवलं. "केळीनं पान देख. वारा उना का फाटस, वाराले वाट देस. म्हनीसन टिकस."

वारा आला की फाटून त्याला वाट देणारं एक पान भाऊंनी हातात धरून पाहिलं. मग मला खांद्यावर टाकून ते दुकानात घेऊन आले. कात्री हातात घेतली, पण चालवेनात. "लागस का व माय तुले?" त्यांनी विचारलं. लागलं, मित्रांनो, खूप लागलं. त्यांनी माझ्या अंगात सात फटी कापल्या, प्रत्येक फटीवर एक झडप शिवली, म्हणजे ऊन येऊ नये आणि वारा मात्र निघून जावा. पुढची कड खाली उतरवली. दोरांच्या टोकांना जुन्या ट्यूबच्या रबरी पट्ट्या लावल्या आणि शेतात परत नेऊन एका हिसक्यात सुटेल अशी गाठ मारून दिली.

पुढच्या वैशाखात पुन्हा तसंच वादळ आलं. आसपासच्या बागा आडव्या झाल्या. माझ्या सातही झडपा उघडल्या, पट्ट्या ताणल्या, परत आल्या. शेवटचा झोत फारच मोठा होता. तेव्हा मोगराबाईने निंबाखालून धावत येऊन गाठीचं टोक ओढलं आणि मी गपकन खाली बसले. एकही पाइप उडाला नाही. दुसऱ्या दिवशी तिने झोळी पुन्हा माझ्या सावलीत आणली, पण बांधली ट्रॉलीच्या लोखंडाला, माझ्या पाइपाला नाही. मला वाईट वाटलं नाही. तिचंच बरोबर होतं.

आठ वर्षं मी तिथे राबले. मग भाऊ वारले, नानांनी ट्रॉली विकली, आणि मी तीन उन्हाळे एका गोदामात घडी होऊन पडले. कुणी माझी घडीसुद्धा मोडली नाही.

यंदा एरंडोलच्या भाईदासने मला रसवंतीच्या गाडीसाठी नेलं. माणूस कष्टाळू आहे, वाईट नाही. मला फाटकी समजून त्याने सातही फटी जाड दोऱ्याने शिवून टाकल्या आणि पुढची कड उंच करून मला घट्ट आवळलं. भरदुपारी माझ्याखाली बाकांवर बायका मुलं घेऊन बसतात. कालपासून पश्चिमेला धूळ दिसते आहे. मी ओरडते, पण त्यांना फडफडच ऐकू येते.

मित्रांनो, रस प्यायला आलात तर एकदा मान वर करून बघा. भाईदासला सांगा, त्या फटी मुद्दाम ठेवलेल्या आहेत. त्याला पटलं की बाकावर चढून ते टाके उसवा, तुमची बोटं बारीक आहेत. घाबरू नका. या वेळी मला लागणार नाही.