हेर्र टीडेंची पाठ

काचबशी तिनं पुन्हा उजेडात धरली, तिरपी केली, सरळ केली... यीस्टचे ठिपके होते, सायीच्या रंगाचे, पण तपकिरी काहीच नव्हतं. बशीत तेल आणि ट्रिप्टोफॅन, एवढंच. दुसरं खायला नसलं की हे यीस्ट त्या एकाच अमिनो आम्लाची मोडतोड करत बसतं आणि त्यातून रंग सुटतो – बशीत तपकिरी, माणसाच्या पाठीवर डाग. हेर्र टीडेंच्या पाठीवरून चिकटपट्टीनं उचललेल्या नमुन्यांच्या बशा चौदा महिने चहासारख्या होत आल्या होत्या. ही नाही. म्हणजे ते बरे झाले, म्हणजे आजची खेप शेवटची... रोझविथा एबलिंगला, एकोणतीस वर्षं या जर्मन इस्पितळाच्या त्वचारोग प्रयोगशाळेत काढल्यावर, हे कुणी सांगायला नको होतं.

ते दहाच्या ठोक्याला आले. निवृत्त पोस्टमन. शर्ट काढून पाठमोरे बसले.

“काय फ्राउ एबलिंग, भाडेकरू आहेत अजून?”

“ते सगळ्यांच्याच पाठीवर असतात. तुमचे तेवढे रंगकाम करतात.”

“बायको होती तेव्हा ती सांगायची, डागांचा नकाशा कुठवर आला ते. आता आरशात बघायला गेलो की मानच धरते.”

चिकटपट्टी लावून तिनं तळवा दाबून धरला. दहा आकडे मोजायचे असतात. ती वीसच्या पुढे गेली. पाठ स्वच्छ होती. हातमोज्यातूनही ऊब येत होती – आणि मला शेवटचा हात कुणी लावला? केस कापणारीनं, फेब्रुवारीत, मानेवरचे केस झटकताना... त्याआधीचं आठवेना. नवरा, डीटर, सोडून गेला त्याला अकरा वर्षं झाली.

“मग, पुढच्या महिन्यात यायचं ना?” त्यांनी भिंतीला विचारलं.

“थोडा रंग आहे अजून,” ती म्हणाली. बशीबद्दल ती आजवर कधी खोटं बोलली नव्हती.

“मलम चालू ठेवू?”

“नको... मलम पुरे आता.”

हेर्र टीडेंनी शर्ट चढवला. बटणं लावायला त्यांना फार वेळ लागला.

“मलम नको. पण यायचं.”

“हो.”

“बरं,” ते हळूच म्हणाले, आणि मागे न बघता गेले.

आता लाज येईल, म्हणून ती वाट बघत उभी राहिली. आलीही, पण तिच्या आत दुसरंच काही हललं होतं – आपण खोटं का बोललो ते त्यांना कळलं असेल, ही धडकी... आणि कळलंच नसेल तर, ही त्याहून मोठी.