‘काळी म्हस’ची शेवटची पंगत

जहाजाचं नाव ‘काळी म्हस’. हसू नका, आमच्या ह्यांनीच ठेवलेलं. महावीर त्यांचं नाव. शाहूपुरीत धान्याचं दुकान, उभ्या जन्मात समुद्र बघितला दोनदा, आणि गोष्ट सांगायची तर चाच्यांची!

आम्ही जैन. दिवस मावळायच्या आत जेवायचं, मग तोंडात पाणीसुद्धा न्हाय. लेक ऐश्वर्या लग्न होऊन बेंगळुरूला गेली आणि संध्याकाळ खायला उठली. तवा ह्यांनी जहाज काढलं. रोज ताटं उचलली की थोडी गोष्ट.

आता चाचे कसे असावेत? ह्यांचे चाचे उजेड असताना जेवायचे. कांदा न्हाय, बटाटा न्हाय. जीव घ्यायचं तर नावच न्हाय, नुसतं आपल्या कोल्हापुरी आवाजात ओरडून दुसऱ्याचं जहाज लुटायचे. मी म्हणायची, "अहो, असले कसले चाचे? आणि लाटांवर चूल कशी पेटती?"

"उद्या सांगतो," हे म्हणायचे. दुसऱ्या दिवशी उत्तर तयार. माझ्या शंकांवरच चालायचं बघा ते जहाज.

शेवटच्या दिवशी मागनं राजाचं आरमार लागलं होतं, तोफा रोखलेल्या. ‘काळी म्हस’वर पंगत बसलेली, ताटं वाढलेली, सूर्य पाण्याला टेकलेला.

"जेवले का हो ते?" मी विचारलं.

"उद्या सांगतो."

पहाटे छातीत कळ आली आणि गेले.

तवापासनं ती माणसं वाढल्या ताटावर तशीच बसून हायत. माझ्या घशाखाली घास उतरंना. फोनवर ऐश्वर्याला सांगितलं तर म्हणाली, "आई, बुडालं म्हण आणि सोड की! न्हायतर इकडं ये." तिला काय सांगू? ते बुडालं तर ह्यांचं काय उरतंय माझ्याजवळ?

पण उपाशी तरी किती ठेवायचं त्यास्नी? काल मन घट्ट केलं. मी जेवले, ताट घासून ठेवलं, ह्यांच्या खुर्चीसमोर बसले आणि मोठ्यानं सांगायला लागले.

चाचे जेवले. भाकरी, दोडक्याची भाजी, वर ताक. कप्तानानं फिरून फिरून विचारलं, कोण राहिलंय का? कोण न्हाय. सगळ्यांनी हात धुतले, मग दिवस मावळला, मग गोळा लागला. म्हस डुंबायला उतरती तसं जहाज सावकाश पाण्यात गेलं. डोलकाठ्या तेवढ्या वर दिसत होत्या, मग त्याबी दिसंनात.

संपलं. पदरानं डोळं पुसलं. आणि मेली सवय बघा, तोंडातनं निघालंच, "अहो, पण कुणालाच पवता येत नव्हतं व्हय?"

खुर्चीकडं बघत बसले. बाहेर अंधार पडला, दिवा लावायचंबी भान न्हाय.

"उद्या सांगतो म्हणा की हो," मी म्हटलं.