नाव घेऊ नका

शेषेराव पाटलांनी एकदा पैसे मोजले की ते वसूल झाल्याशिवाय गडी उठत नसे. लग्नाच्या पंगतीतसुद्धा दिलेला आहेर आठवूनच ते बुंदी वाढून घेत. त्यामुळे नांदेडच्या सर्कशीचं तिकीट पाचशे रुपये आहे हे कळल्यापासून त्यांची जी कुरकुर धर्माबादच्या स्टेशनवर सुरू झाली, ती सभागृहातल्या मऊ खुर्चीत बसल्यावरही थांबेना.

"तंबू न्हाई, हत्ती न्हाई, जोकर बी न्हाई," ते म्हणाले. "आमच्या ल्हानपनी सर्कशीचा उजेड आभाळात फिरायचा, तीन गावं सोडून दिसायचा. आन हितं बघ. इस्टेजवर एक टेबल आन चार खुर्च्या. ग्रामपंचायतीची मीटिंग हाय का काय?"

शेजारी बसलेल्या शिवप्पाला यातलं काही ऐकू येत नव्हतं. त्याचे डोळे छताला लागले होते. तिथे, दिव्यांच्याही वर, एक लोखंडी कप्पी लटकत होती. शिवप्पाला उंची नजरेनं मोजता येत असे, तो त्याचा जन्माचा धंदा. ती कप्पी पाटलांच्या बांधावरच्या थोराड ताडाएवढी उंच होती, आणि खाली बांधाची भुसभुशीत माती नव्हती, लाकडी फळ्या होत्या.

शिवप्पा ताडी काढणारा. त्याचा बाप पाटलांच्या बांधावरच्या ताडांवर चढला, तो चढला, त्याचा धाकटा भाऊ मल्लेशही चढला. तेलंगणाची हद्द हाकेवर, त्यामुळे घरात निम्मी तेलुगू, निम्मी मराठी. कमरेला आणि खोडाला वेढा घालणाऱ्या जाड दोराला ते मोकू म्हणत. आणि मोकू एकदा आवळला की त्या घरात एक कायदा होता, जो देवाधर्मापेक्षा कडक पाळला जाई. वर चढलेल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही. हाक मारायची नाही. घराला आग लागली तरी खोडावर दगडानं ठोकायचं आणि तो उतरेपर्यंत वाट बघायची. कारण हाक आली की माणूस खाली बघतो, आणि खाली बघितलं की संपलं. मल्लेशचं तसंच झालं होतं. रस्त्यानं जाणाऱ्या कुणीतरी मजेत विचारलं, "काय मल्लेश, ताजी हाय का?" मल्लेशनं हसून खाली बघितलं. पुढचं शिवप्पानं शेजारच्या ताडावरून पाहिलं होतं, आणि ते त्याला अजून दिसायचं.

त्याची बायको लवकर गेली. मग स्वरूपा, त्याची एकुलती एक पोर, रोज सकाळी मडकं घेऊन झाडाखाली येऊन उभी राहायची. "तोंड उघडायचं न्हाई," त्यानं तिला बजावलं होतं, "न्हाईतर मल्लेशकाकावानी व्हईल." पोर गुणाची. फ्रॉकचं टोक तोंडात धरून ती गुमान वर बघत राही. टोक चावायची सवय तेवढी वाईट, म्हणून उतरल्यावर तो तिला लटकं रागवायचा.

पुढे शाळेतल्या क्रीडाशिक्षकांनी तिला दोरीच्या मल्लखांबावर घातलं. पोरीनं बक्षिसं आणली, पुण्याला गेली, आणि एक दिवस तिचा फोन आला की ती सर्कशीत लागली आहे. नव्या धर्तीची सर्कस, जनावर नाही, पिंजरा नाही, नुसती माणसं. "तू मातर बघायला येऊ नको नायना," ती म्हणाली होती. बापाला ती नायनाच म्हणायची. "तुज्यानं बघवायचं न्हाई."

त्या दिवसापासून शिवप्पाला धड झोप नव्हती. मोबाइल वाजला की काळजात धस्स व्हायचं. आणि परवा धर्माबादच्या बसस्टँडवर त्याला तिचं चित्र दिसलं, भिंतीवर डकवलेलं, डोकं खाली आणि पाय वर. तो तिथेच मटकन बसला. मग त्यानं ठरवलं. न सांगता जायचं, एकदा डोळ्यानं बघायचं, आणि खेळ संपला की हाताला धरून पोरीला घरी आणायचं. जिवंत आणायचं. एवढंच त्याचं मागणं होतं. पाटलांना त्यानं सोबतीला घेतलं, कारण एकट्याचे पाय उचलले नसते.

खेळ सुरू झाला. टेबलाशी चौघं जेवायला बसले, ताटावरून भांडले, आणि भांडता भांडता एकमेकांच्या खांद्यावर, डोक्यावर चढून पुन्हा जेवायला लागले. भाकरीचा तुकडा काही खाली पडला नाही. पाटील दोनदा हसले आणि दोन्ही वेळा हसू गिळलं. पाचशे रुपयांचा राग इतक्या स्वस्तात सोडायची त्यांची तयारी नव्हती.

मग अंधार झाला आणि कप्पीतून मनगटाएवढा दोर सळसळत खाली आला. एका गोल उजेडात स्वरूपा उभी होती. अंगात साधा पिवळा कुडता. तिनं कुडत्याचं टोक तोंडात धरलं होतं आणि ती वर बघत होती.

"हिची सवय गेली न्हाई अजून," शिवप्पा पुटपुटला. त्याच्या कानात घूं घूं आवाज सुरू झाला होता. एक किडकिडीत पोरगा पुढे येऊन पुणेरी मराठीत भराभर काहीतरी सांगून गेला. लोकांनी माना डोलावल्या. शिवप्पाला त्यातलं अक्षर कळलं नाही, कारण तो दोराकडे बघत होता. दोराचं दुसरं टोक धरून टेबलावरचे चौघं स्वरूपाकडे पाठ करून बसले, आणि तो किडकिडीत पोरगाही त्यांच्यातच जाऊन पाठमोरा बसला. तिच्याकडे बघणारं तिथे कुणीच उरलं नाही.

तिनं दोराला हात घातला, आणि सगळं सभागृह एका सुरात ओरडलं.

"स्वरूपा!"

शिवप्पा खुर्चीच्या कडेला सरकला.

"स्वरूपा! स्वरूपा!" पोरं ओरडत होती, बाया ओरडत होत्या, पुढच्या रांगेतला एक टाय लावलेला साहेब तोंडाशी हात धरून ओरडत होता. दर हाकेसरशी पोर हातभर वर जात होती. टेबलाच्या वर गेली, पडद्याच्या झालरीच्या वर गेली. पाय मोकळे, दोर नुसता हातात. शेकडो माणसं तिचं नाव घेत होती, आणि आता कुठल्याही घटकेला ती हसून खाली बघणार होती.

तो कसा उठला ते त्याचं त्याला कळलं नाही. पाटलांच्या पायावर पाय देऊन तो मधल्या वाटेवर आला आणि दोन्ही हात हलवत ओरडला, "नाव घेऊ नका! पाया पडतो तुमच्या, नाव घेऊ नका तिचं!"

आता नव्या सर्कशीची एक गंमत असते. तिथे कधी कुणी प्रेक्षकांतून उठतं, आणि मग कळतं की तोही त्यांच्यातलाच. धोतर-पटक्यातला म्हातारा, गालावर पाणी, हात जोडलेले. लोकांना वाटलं, हा खेळातलाच आहे. काय काम करतोय! पुढची रांग गप्प झाली. मग तिच्यामागची. बघता बघता सगळं सभागृह चिडीचूप झालं. शिवप्पाला वाटलं, वाचली पोर.

आणि दोर सुटला.

ती दगडासारखी खाली आली. अर्ध्यावर हिसका बसला, एक हात निसटला, आणि ती एका हातावर लोंबकळत गरगर फिरू लागली. सभागृहानं श्वास रोखला, पण आवाज केला नाही. सगळ्यांच्या नजरा म्हाताऱ्याकडे होत्या, पुढे हा काय करतो ते बघायला. त्या शांततेत दोर पुन्हा सुटला, आणखी एक हिसका, आणि शिवप्पाला तिचे डोळे दिसले. ती त्याच्याकडेच बघत होती. तिनं त्याला ओळखलं होतं. तोंड मात्र मिटलेलं.

पाटील धापा टाकत मागून आले आणि त्यांनी त्याचा दंड धरला. "आरं ओरड, शिवप्पा! त्या पोरानं सांगितलं न्हाई का मघाशी? नाव घेतलं की वर वढतेत, लोक गप झाले की दोर सोडतेत! त्यायला दिसत न्हाई रे, पाठी करून बसलेत, कानावर चालून राहिलंय समदं! तू गप केलंस लोकायला!"

शिवप्पानं तोंड उघडलं. आवाज आला नाही. उभ्या जन्मात त्यानं वर असलेल्या माणसाला हाक मारली नव्हती. त्याच्या बापानं मारली नव्हती. त्याला पुन्हा तो सकाळचा बांध दिसला, हसून खाली बघणारा मल्लेश दिसला. नाव घेतलं तर पडेल. नाही घेतलं तर पडेल. वर तिची मूठ बोट बोट करून सुटत होती.

"स्वरूपा!"

फाटक्या, घोगऱ्या आवाजात ते नाव बाहेर पडलं. त्यानं डोळे गच्च मिटले आणि पुन्हा हाक दिली. मग पुन्हा. मल्लेश गेला तेव्हा न ओरडलेलं सगळं त्या नावात घालून तो ओरडत राहिला. पाटील ओरडू लागले. मग सगळं सभागृह उठून उभं राहिलं आणि ओरडू लागलं.

त्यानं डोळे उघडले तेव्हा ती वर होती, कप्पीजवळ. दोराचा तिढा तिच्या पायाभोवती नीट बसला होता. ती डोकं खाली करून बघत होती, सरळ त्याच्याकडे, आणि पडत नव्हती.

खेळ संपल्यावर लोक शिवप्पाच्या पाठीवर थाप मारून गेले. टायवाला साहेब म्हणाला, "बाबा, काय अभिनय आहे तुमचा!" शिवप्पा खुर्चीची पाठ धरून उभा होता.

स्वरूपा मागच्या खोलीत बाकावर बसली होती. तळहाताची सालटी निघाली होती आणि किडकिडीत पोरगा पांढराफटक चेहरा करून त्यावर मलम लावत होता. बापाला बघून ती उठली नाही.

"तुला म्हनलं होतं, येऊ नको," ती म्हणाली.

"नाव कामून घ्यायला लावतीस गं?" शिवप्पाचा आवाज चिरकला. "तुला ठावं हाय ना? मल्लेशचं ठावं हाय ना?"

तिनं पोराच्या हातातून आपला हात काढून घेतला.

"मला लई भ्या वाटायचं, नायना. झाडाखाली. तू पार वर, झावळ्यात दिसायचा न्हाईस. वाटायचं, एक डाव हाक मारावी. तू 'ओ' दिलीस तं कळंल, हायेस म्हनून. पर तू सांगितलेलं, तोंड उघडलं की मल्लेशकाकावानी व्हईल. मंग मी फ्रॉकचं टोक कोंबायची तोंडात. हाक चुकून भायेर पडू नये म्हनून."

टोक ओलं का असतं म्हणून तो तिला हसत हसत रागवायचा. त्याला ती पोरकट खोड वाटली होती.

"हा खेळ बसवायला घेतला तवा मीच म्हनलं," ती पुढे बोलली, "असं करू, की नाव घेतलं की मानूस वर जाईल. लोक जितकं हाका मारतील तितकं वर. उलटं करून टाकू समदं." ती रडता रडता हसली. "तू येऊन पुन्यांदा सुलटं केलंस."

हाताला धरून घरी न्यायला आलेल्या माणसाला धरायला हातच सापडेना, दोन्हीला मलम होतं. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभा राहिला. घरी चल हे शब्द त्यानं धर्माबादहून सोबत आणले होते. ते तोंडापर्यंत आले. मग त्यानं विचारलं, "पुढचा खेळ कुटं हाय?"

"लातूरला. हात बरे झाल्यावर, पुढच्या आयतवारी."

बाहेर पाटील तिकिटाच्या खिडकीपाशी उभे होते. छातीवर हात होता आणि पटका सुटलेला.

"वसूल झाले बाबा पाचशे," ते म्हणाले. "वर माझ्याकडूनच निघत्यात म्हन. काळीज अजून जाग्यावर आलं न्हाई. चल, गाडी गाठू."

शिवप्पा गेला नाही. तो खिडकीतल्या मुलीला विचारत होता, लातूरचं तिकीट इथेच मिळतं का.

पाटलांनी त्याला मागं ओढलं. "येडा का खुळा तू? घामानं आंग भिजलंय तुजं, पाय अजून कापून राहिलेत. भ्यायला कुनी पाचशे रुपये देतंय का?"

"माझी पोर रोज सकाळी फुकट भ्यायली, पाटील," शिवप्पा म्हणाला. "मला इकत भिऊ द्या."

त्यानं खिडकीत नोट सरकवली. त्याआधी ती दोनदा हातातून खाली पडली.