माझी शिट्टी कागदाला बांधली!

मी एक जुनं पाखरू आहे, मित्रांनो. पितळेचं, वर खरी हिरवी पिसं चिकटवलेली, पोटात चाकं आणि गळ्यात चावी. चावी गळ्यातच होती, हे नीट लक्षात ठेवा. माझा सगळा संताप तिथेच आहे.

मला विलायतेत एका म्हाताऱ्या कारागिराने घडवलं. चावी दिली की मी मान वळवत असे, चोच उघडत असे आणि पोटातल्या बोटभर शिट्टीतून असा गात असे की रस्त्यावरची माणसं थांबत.

तेव्हा अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. नांदगाव खंडेश्वरच्या चंद्रभानने बांधावरचे निंब, बाभळी, सगळं तोडून तिथवर कापूस पेरला. पाखरं गेली. त्याची आई पार्बताबाई, पाय गेल्यामुळे तीन वर्षं खाटेवर होती. एके दिवशी ती म्हणाली, "पाखराचा आवाज आयकून किती दिस झाले रे! तुया कापूस काही बोलत नाही." चंद्रभान खजील झाला. झाडं काही परत येणार नव्हती, म्हणून त्याने मुंबईच्या व्यापाऱ्याकडून मला मागवलं.

पण अकोल्याच्या अलीकडे एका जकात नाक्यावर मला अडवलं. कारकून हरिहरपंतांनी यादी उघडली. प्रत्येक मालाची जकात वेगळी, म्हणून आधी मी कोण ते ठरायला हवं! चाकं आहेत, म्हणून त्यांनी मला घड्याळांच्या रकान्यात घातलं. मग म्हणाले, "काटे कुठे आहेत?" आणि खोडलं. वाद्यात घातलं, तर वाजवणारा सापडेना. शेवटी पिसं चाचपून त्यांनी लिहिलं, 'पक्षी, मृत'. मृत! अहो, चावी फिरवा ना! मी मनातल्या मनात किती ओरडलो असेन!

चार महिने मी तिथे धूळ खात पडलो. इकडे पार्बताबाई रोज विचारी, "आलं का रे माहं पाखरू?"

मग नाक्यावर उद्धव नावाचा नवा माणूस आला. आधी तो कापसाच्या बाजारात गाठी फोडून नमुना काढायचा. तो म्हणाला, "पंत, वरून पाहून माल समजते का? पोटातून नमुना काढा लागते."

"काढ बरं," पंत म्हणाले.

आणि त्या शहाण्याने माझं पोट उचकटून शिट्टीच उपटली! मूठभर कापूस काढला तर गाठीचं काही बिघडत नाही, पण मी काय गाठ होतो? शिट्टी दोऱ्याने कागदाला बांधली, खाली 'नमुना' असं लिहिलं, ती नाक्याच्या दप्तरात ठेवली आणि मला 'किरकोळ' म्हणून सोडून दिलं. किरकोळ!

चंद्रभानने मला आईच्या उशाशी ठेवलं आणि मोठ्या हौसेने चावी दिली. मी मान वळवली. चोच उघडली. आतून नुसती खरखर आली.

पार्बताबाईने माझ्या उघड्या चोचीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "चोच त उघडून राहिलं बिचारं. याचा आवाज कोनं काढून घेतला?" चंद्रभान शरमून गेला. तिने त्याचा हात धरला. "राहू दे. बांधावर एक निंब लाव, बाप्पा."

दुसऱ्या दिवशी त्याने निंब लावला. तो कमरेएवढा झाला तेव्हा पार्बताबाई गेली. तिने ना माझं गाणं ऐकलं, ना त्या निंबावरचं.

आता निंबावर सकाळी पाखरांचा नुसता कलकलाट असतो. मी कोनाड्यातून ऐकतो. मित्रांनो, तुमच्यापुढे काही नवं आलं, तर ते कोणत्या रकान्यात बसतं हे नंतर बघा. आधी त्याला एकदा बोलू द्या, आणि न समजता कुणाच्या पोटात हात घालू नका.

माझी चाकं अजून धड आहेत. कुणी त्या नाक्याकडे गेलात, तर जुन्या कागदांना बांधलेली एक शिट्टी शोधा. ती माझी आहे. तेवढी मागून आणा.