रीळ शेवटपर्यंत उलगडलं होतं

थंडी पडली की आमच्या गावाच्या अंगात येतं. मी इथेच जन्मलो, इथेच एकाहत्तर वर्षांचा झालो, तेव्हा हे मला कुणी शिकवू नये. एरवी आमची नेदरलँड्सच्या उत्तरेकडच्या फ्रीसलँडची माणसं मोजूनमापून बोलणारी. पण पारा चार रात्री शून्याखाली राहिला की त्यांचा पाय घरात ठरत नाही. जो तो काठी घेऊन कालव्याकडे जातो, बर्फ ठोकून बघतो, घरी येतो आणि पाच मिनिटांत परत निघतो. मीही त्यातलाच.

त्या मंगळवारी सकाळी आमच्या स्केटिंग मंडळाच्या कुरणावर साडेसहा सेंटीमीटर बर्फ होता. नोव्हेंबरात आम्ही कुरणात पाणी सोडतो आणि मग नुसती वाट बघतो. बहुतेक हिवाळ्यांत ते पाणी बदकांच्याच कामी येतं. याआधीचा बर्फ तीन वर्षांपूर्वीचा, तोही दोन दिवसांचा. आताही गुरुवारपासून पाऊस सांगितला होता. म्हणजे हातात जेमतेम दोन दिवस, आणि सकाळी सातपासून माझा फोन बोंबलत होता.

फोन करणारा फोल्कर्ट, मंडळाचा अध्यक्ष. शंभर गाई नीट सांभाळतो, पण माणसं सांभाळायची म्हटलं की त्याला फक्त घाई करता येते.

"लोल्के, वायरचं रीळ काढलंस का?"

"काढतो."

"काढतो म्हणजे कधी? पाचला अंधार पडतो. दिवे नाहीत, सूप नाही, मग लोकांना काय माझं तोंड दाखवू?"

"नको, बर्फ वितळेल," म्हणून मी फोन ठेवला.

हे रीळ म्हणजे लोखंडी नळ्यांच्या घोड्यावर बसवलेलं मोठ्या बादलीएवढं चाक. त्यावर पन्नास मीटर जाड रबरी केबल, मधोमध चार सॉकेटं, वजन वीस किलोच्या घरात. सदतीस वर्षांपूर्वी मीच ते बांधलं, कारण मी वायरमन आणि मंडळ तेव्हाही चिकट. आजच्या रिळांत जास्त तापलं की आपोआप बंद पडायची सोय असते. यात तशी काही नव्हती. यात माणसाने अक्कल वापरायची होती: सुपाच्या बॉयलरसारखं जड काही लावायचं तर केबल शेवटच्या वेढ्यापर्यंत उलगडायची. गुंडाळलेल्या केबलमधून जोराची वीज गेली की वेढे एकमेकांना तापवतात आणि आतल्या आत वितळतात. गावातलं शेंबडं पोरही हे सांगेल, कारण मी दर वर्षीच्या सभेत हेच सांगत आलोय.

तीन वर्षांपूर्वी, बर्फाच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सुपाच्या टपरीत हे रीळ पेटलं. जळक्या रबराचा धूर झाला, टपरीचा पडदा काळा पडला, कुरणावरची वीज गेली. तिथेच आमचा हिवाळा संपला. टपरी माझी धाकटी बहीण हिस्के चालवायची. बावीस वर्षं त्या खिडकीतून ती वाटाण्याचं घट्ट सूप आणि बडीशेपेचं गरम दूध देत होती. ती म्हणाली, मी रीळ शेवटपर्यंत उलगडलं होतं, टपरीमागे बर्फावर मोठे वेढे टाकले होते. पण धावपळीत कुणीतरी केबल भराभर गुंडाळून रीळ मंडळाच्या शेडमध्ये टाकलं होतं. तिचे वेढे पाहिलेला एकही माणूस सापडेना.

मार्चच्या सभेत सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून म्हटलं, रीळ गुंडाळलेलंच राहिलं, दुसरं कारण असूच शकत नाही. चिटणीसाने ते तसंच लिहून घेतलं. हिस्केने टपरीची किल्ली टेबलावर ठेवली आणि ती निघून गेली. तेव्हापासून ती माझ्या दारात आली नाही आणि मी तिच्या. माझी बायको त्रीन दर बुधवारी तिच्याकडे जाते आणि आल्यावर तिथे काय बोलणं झालं ते मला मुद्दाम सांगत नाही.

नवं रीळ घ्यायचं दोन सभांत ठरलं आणि बर्फच नाही तर रीळ कशाला म्हणून दोन्ही वेळा राहून गेलं. त्यामुळे मंगळवारी दहा वाजता मी शेडमधून तेच जुनं रीळ ढकलगाडीत घातलं आणि घरी आणलं. शेड माझ्या घरापासून शंभर पावलांवर आहे. तीन वर्षांत मी तिथे दिवे ठेवायला, फावडी काढायला कितीदा तरी गेलो होतो. रीळ कोपऱ्यात पोत्याखाली असे. पोतं मी कधी उचललं नव्हतं.

बागेतल्या वाटेवर मी केबल उलगडायला घेतली. मनात हिशेब पक्का होता: वरचे वेढे ठीक असतील, आतले दहा-पंधरा वितळून एकमेकांना चिकटलेले असतील, तेवढे कापून टाकू, चाळीस मीटरवर भागवू. पण केबल येतच राहिली. वाट संपली, मी फाटकाबाहेर गेलो, शेजाऱ्याच्या कुंपणाला वळसा घातला आणि मोकळं चाक मागे खडखडत राहिलं. पन्नासच्या पन्नास मीटर. हातमोजा काढून मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात फिरवला. एक फोड नाही, एक चिकटलेली जागा नाही. थंडीने बोटं बधिर झाली असतील म्हणून ती काखेत धरून ऊब दिली आणि परत पहिल्यापासून हात फिरवला. रबर सगळीकडे गुळगुळीत होतं. गुंडाळलेल्या अवस्थेत पेटलेली केबल अशी राहत नाही.

त्रीन स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. तिने खिडकी उघडून विचारलं, "केबलला गोंजारतोयस कशाला?"

माझा पाय एका जागी ठरत नव्हता. आत जाऊन थर्मामीटर पाहिला, उणे चार. परत बाहेर आलो. फोल्कर्टचा फोन आला, तो घेतला नाही. मग रीळ कामाच्या टेबलावर आडवं टाकलं आणि मधल्या झाकणाचे चार स्क्रू काढले.

आत सगळा जळिताचा प्रकार एकाच ठिकाणी होता. केबलच्या तिन्ही तारा जिथे सॉकेटांच्या पट्टीत स्क्रूखाली जातात, तिथला एक स्क्रू काळाठिक्कर पडला होता, पट्टीचा तो कोपरा कोळसा झाला होता. तार ओढली तर अलगद हातात आली. तिच्या टोकाला तांबं निळसर पडलं होतं आणि खाली सोल्डरचा, म्हणजे डाग द्यायच्या मऊ धातूचा, गोठलेला थेंब लटकत होता.

तो थेंब माझा होता.

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते मिस्त्री म्हणायचे, केसासारख्या तारा सुट्या ठेवायच्या नाहीत, टोक सोल्डरमध्ये बुडवायचं, म्हणजे एक तारही स्क्रूबाहेर निसटत नाही. टोक सुईसारखं सुबक दिसायचं आणि मला त्याचा अभिमान होता. पुढे दहा-बारा वर्षांनी कळलं की आमच्या पिढीने ही घोडचूक केली आहे. सोल्डर मऊ असतं. स्क्रूखाली ते वर्षानुवर्षं दबत जातं, स्क्रू ढिला पडतो, ढिला जोड तापतो आणि एके दिवशी पेटतो. हे कळल्यावर मी गावातल्या निम्म्या घरांतली माझी जुनी टोकं स्वतः जाऊन कापली, तारांवर धातूच्या नव्या टोप्या दाबून बसवल्या. मंडळाचं रीळ राहिलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

हिस्के खरं बोलत होती. तिने सगळं माझ्या सांगण्याबरहुकूम केलं होतं. पेटलं होतं ते माझं काम, आणि त्याचं खापर मी भर सभेत तिच्या माथ्यावर फोडलं होतं.

दुरुस्ती वीस मिनिटांची होती. जळकं टोक हातभर मागे कापलं, तिन्ही तारांवर टोप्या दाबल्या, नवी पट्टी बसवली, स्क्रू आवळले, तारा एकदा ओढून पाहिल्या, स्क्रू परत आवळले. मीटर लावला, अर्थिंग तपासलं, त्रीनची इस्त्री आणि हीटर एकदम लावून अर्धा तास झाकणावर हात ठेवून बसलो. बसलो म्हणजे तीनदा उठलो. झाकण थंडच राहिलं. आता हे नेऊन टपरीत ठेवलं असतं तर दिवे लागले असते, सूप उकळलं असतं आणि कुणाला काही कळलं नसतं. हा विचार माझ्या मनात आला आणि बराच वेळ टिकला, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्रीन इस्त्री न्यायला आली. तिने जळकी पट्टी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं वायरमनची बायको आहे ती, सांगावं लागलं नाही.

"हिस्के घरी आहे," ती म्हणाली. "मी जाऊ की तू जातोस?"

हिस्केने दार उघडलं, पण ती बाजूला झाली नाही. मी उंबऱ्याबाहेर उभा राहूनच कागदात गुंडाळलेली ती पट्टी आणि तारेचं टोक पुढे केलं. काय झालं होतं ते सांगितलं. मला वाटलं होतं मी नीट, क्रमाने सांगेन. पण सोल्डर आधी आलं, सभा नंतर, माफी मध्येच कुठेतरी. तिने तो थेंब अंगठ्याने दाबून पाहिला.

"हे सगळ्यांना सांगितलंस?"

"आधी तुझ्याकडे आलो."

"माझ्याकडे कशाला? मला तर माहीतच होतं," असं म्हणून तिने पट्टी माझ्या हातात परत दिली आणि दार लावून घेतलं.

मी रीळ घेऊन कुरणावर गेलो तेव्हा चार वाजायला आले होते. टपरीपाशी मंडळाची सात-आठ माणसं होती. कुणी बाक मांडत होतं, कुणी बर्फावरचा भुसभुशीत थर झाडत होतं. मी त्यांना थांबवलं. पट्टी दाखवली. तीन वर्षांपूर्वीची आग माझ्या जोडामुळे लागली, हिस्केने केबल पूर्ण उलगडली होती, सभेत मी बोललो ते खोटं ठरलं आहे, असं सगळं मोठ्याने सांगितलं. आता कुणी काय बोलेल त्याची तयारी केली होती.

फोल्कर्टने पट्टी हातात घेऊन उलटसुलट केली. "बरं मग? आता चालतंय ना?"

"हिस्केचा दोष नव्हता, असं म्हणतोय मी."

"कसला दोष?" त्याने विचारलं. "तिने गुडघ्यांमुळे काम सोडलं ना?"

बाकीच्यांनाही नीट आठवेना. एकाला धूर आठवत होता. दुसऱ्याला वाटत होतं की ते त्याच्या आधीच्या बर्फात झालं. चिटणीस म्हणाला, लिहिलेलं असेल तर बघतो, पण वही कुठे आहे ते शोधावं लागेल. मग कुणीतरी विचारलं की दिव्यांचा प्लग कुठल्या सॉकेटात घालायचा, आणि ते सगळे कामाला लागले. मी केबल शेवटपर्यंत उलगडून टपरीमागे वेढे टाकले आणि परत हिस्केकडे निघालो. पायाखाली रस्ता निसरडा होता तरी मी जवळजवळ पळतच होतो.

या वेळी तिने मला आत येऊ दिलं. स्वयंपाकघरात ती खिडकीशी उभी राहिली. तिथून कुरण दिसतं.

"काय म्हणाले?"

खोटं बोलावं असं वाटलं. सगळे खजील झाले, माना खाली घातल्या, असं सांगितलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. पण तिच्याबद्दल एकदा खोटं बोलून झालं होतं.

"त्यांना आठवतच नाही," मी म्हटलं. "फोल्कर्टला वाटतं तुझे गुडघे दुखत होते."

ती हसली नाही. "तीन वर्षं मी त्या रस्त्याने दुकानात जात नाही," ती म्हणाली. "पुलावरून लांबचा फेरा घालून जाते, त्यांच्या नजरा नकोत म्हणून. आणि त्यांना आठवत नाही."

ती माझ्याकडे वळली.

"तुला आठवत होतं?"

"रोज."

"मग? चार स्क्रू होते, लोल्के. तीन वर्षांत का नाही उघडलंस?"

कोटाच्या खिशात फोन वाजायला लागला. फोल्कर्टच असणार; मंडळाचे दिवे पहिल्यांदा लावायचा मान वायरमनचा, माझ्याशिवाय कुणी बटणाला हात लावत नाही. सकाळपासून मी धावत होतो ते बर्फासाठी, असं मला वाटत होतं. खरं म्हणजे मी या प्रश्नाच्या पुढे पळत होतो, आणि आता पळायला जागा उरली नव्हती.

"उघडलं असतं तर तू खरी निघाली असतीस," मी म्हटलं. "तू खरं बोलतेयस असं मला तेव्हाच वाटलं होतं. सभेत उभा राहिलो तेव्हाच."

हिस्केने खिडकीबाहेर पाहिलं. कुरणावर अंधार उतरत होता आणि माणसांचे घोळके काठावर नुसते उभे होते.

"जा," ती म्हणाली. "लोक थांबलेत तुझ्यासाठी."

"बटण दाबणं फोल्कर्टलाही जमेल."

फोन थांबला, परत वाजला, परत थांबला. काही वेळाने कुरणावर दिवे लागले आणि लांबून लोकांचा गलका ऐकू आला. हिस्केने मला बस म्हटलं नाही, पण पुन्हा जा असंही म्हटलं नाही. मी खुर्ची ओढली आणि कोटासकट बसून राहिलो.