कापसात निजवलेली तसबीर

मित्रांनो, मी एक जुनी तसबीर आहे. सागवानाच्या पट्ट्या, लोखंडी खिळे आणि वर काच, एवढंच माझं अंग. जीव म्हणाल तर तो आत बसलेल्या गोजरबाईचा.

मोताळ्याच्या बाजारात एका कारागिराने मला ठोकून घडवलं. गोजरबाईला फोटोचं भारी वावडं. कॅमेरा दिसला की तोंड पदराआड. मिरच्या निवडताना तिच्या नकळत एकदाच टिपला गेला, तेवढाच हा फोटो. ती गेल्यावर तिच्या नवऱ्याने, वामनरावांनी, तो माझ्यात बसवला. आधी मला रोज फूल मिळे, मग सणावारी हार. पुढे नुसता धूर, जाळी आणि माझ्याच खिळ्याला लोंबणारी चार्जरची वायर. पण सकाळचा चहा वामनराव माझ्याकडे तोंड करूनच पीत.

यंदा मोताळ्यात नवं घर झालं. गावातलं सामान ट्रॅक्टरवर चढू लागलं. रस्ता सगळा खड्ड्यांचा. माझी काच फुटेल या धाकाने वामनरावांनी मला मागच्या खोलीत नेलं. तिथे आढ्यापर्यंत कापूस भरलेला. खांद्यापर्यंत हात घालून त्यांनी मला आत निजवलं.

"नव्या घरी दूध उतू जाऊ दे, मंग तुले मांडीवर नेतो," असं मला म्हणाले. दुसऱ्या कुणाला मात्र काही बोलले नाहीत.

नव्या घरी दूध तापत होतं आणि इकडे त्यांचा मुलगा राजकुमार व्यापाऱ्याची गाडी घेऊन आला. कापसाचा भाव चढला होता. मजुरांनी कवेत धरधरून कापूस गाडीत टाकला, वरून पायांनी तुडवला. कट्‌ झालं. माझ्या काचेला तडा गेला. मी ओरडणार कुठल्या तोंडाने? त्या पांढऱ्या अंधारात मला गोजरबाईची ओवी आठवली. कापूस वेचताना ती म्हणायची:

सरकी बाई काळी, कापूस पांढरा
माय माझी गेली, सुना पडला उंबरा

कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगच्या आवारात गाडी रिकामी झाली. कापूस यंत्राकडे नेणारा पट्टा सुरू झाला आणि आमचा ढीग कडेकडेने त्यावर ढकलला जाऊ लागला. घरघर जवळ येत होती. मला माझ्या खिळ्यांचीच भीती वाटली. यंत्रात लोखंड गेलं तर ठिणगी उडते, आणि कापसाला एक ठिणगी पुरते.

तेवढ्यात मोटरसायकल थांबली. मागची खोली रिकामी पाहून वामनराव राजकुमारला घेऊन आले होते.

"न सांगता काऊन ईकला बे कापूस? तुह्या मायचा फोटू होता त्याच्यात!"

"मले काय सपन पडलं, बाबा? तुमीच तं रोज भाव इचारत होते!"

जिनिंगचा मुकादम हसला. "काका, फोटूसाठी ढीग उपसू काय? दुसरा काढून घ्या न."

"दुसरा काढाले तिले कुठून आणू?"

पण पट्टा चालूच होता.

"चौकटीले खिळे हायेत, भाऊ. लोखंडी," वामनराव म्हणाले.

"आधी नाही सांगता येत? ए, बंद कर रे! बंद कर!"

घरघर थांबली. मजूर, मुकादम, बापलेक, सगळे हातांनी कापूस उपसू लागले. बराच वेळ माझ्यापर्यंत कोणी पोचेना. मग राजकुमारची बोटं माझ्या तड्याला लागली. रक्त आलं, पण त्याने हात सोडला नाही. मला बाहेर काढून त्याने बाहीने पुसलं, तिथेच मोबाइलवर माझा फोटो घेतला आणि बहिणीला, काजलला, पाठवला.

"आता दोघांजवळ राह्यली माय," तो म्हणाला. वामनरावांनी मान वळवली.

मित्रांनो, घर बदलताना तुम्ही भांडी पोत्यात भरता, गाद्या बांधता. आम्हालाही जपून न्या. आणि कुठे ठेवलं ते घरात सगळ्यांना सांगा. एकट्यालाच ठाऊक असलेली आठवण अर्धी हरवलेलीच असते.

नव्या भिंतीत अजून खिळा शिरत नाही. म्हणून सध्या मी बैठकीतल्या खुर्चीवर आहे. काल शेजारच्या शालूबाई घर पाहायला आल्या आणि मला उचलून बसू लागल्या. सून पुष्पांजली स्वयंपाकघरातून धावत आली.

"तिथं नोका बसू, मावशी. तिथं आमच्या सासूबाई बसल्या."