टेबल जाईल म्हणून

सकाळी तिने काचपट्टी उजेडाकडे धरली. काचेवरचा पातळ थर पाचूसारखा हिरवा उतरला होता. हे प्लास्टिक मुळात निळं, वीज अडवणारं. आम्लाचा नेमका अंश मुरला की हिरवं होतं आणि वीज वाहू देतं. किती आम्लाला किती वीज आणि कुठला रंग, हे मोजण्यात तिची चार वर्षं गेली होती. आता काम संपायला उरले होते तीन आठवडे. आणि पोटात अडीच महिने.

प्रयोगशाळेत तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. याआधी इथल्याच एका मुलीला दिवस गेल्याचं कळताच प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी तिला मोठ्या मायेने विश्रांती दिली होती. ऐकायला किती मऊ शब्द! दुसऱ्याच दिवशी तिचं टेबल, तिचे नमुने एका सहकाऱ्याला मिळाले. शोधनिबंधावर नावही त्याचंच आलं.

बाटल्या धुणाऱ्या मावशींनी मात्र तिला बेसिनपाशी ओकताना गाठलं.

"माझ्यापासून लपवतेस होय? चार बाळंतपणं झालीत माझी."

"मावशी, हळू! तीन आठवडेच फक्त."

"अगं, त्या ॲनिलीनच्या बाटलीवर कवटी छापलीय, ती काय शोभेला? दे की दुसऱ्या कुणाला ते काम."

"का म्हणून विचारतील. काय सांगू?"

मावशींनी नळ सोडून बेसिन धुऊन टाकलं.

गुरुवारी, ज्यापासून ते प्लास्टिक बनतं ते ॲनिलीन तापवून शुद्ध करताना वाफ ओढणारा पंखा बंद पडला. एरवी ती सगळं बंद करून बाहेर पळाली असती. पण काम अर्धवट टाकलं तर तीन आठवड्यांचे पाच होणार, तोवर पोट दिसणार. नाकाला रुमाल लावून ती पाऊण तास तिथेच उभी राहिली.

चौथ्या दिवशी रक्त जाऊ लागलं. मूल राहिलं नाही. "वाफेमुळेच झालं, असं छातीठोक नाही सांगता येणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नवरा तिचा हात धरून बसून राहिला. रडताना बोल तरी कुणाला लावायचा?

दहाव्या दिवशी ती सरांपुढे उभी राहिली.

"अगं पोरी, मला सांगितलं असतंस तर लगेच विश्रांती दिली असती मी."

"म्हणूनच नाही सांगितलं, सर."

तिने अर्ज पुढे केला. त्यात एवढंच लिहिलं होतं: दिवस गेलेल्या बाईकडे वाफेचं काम नको. पण टेबल तिचं, नमुने तिचे, नाव तिचं.

सरांनी चष्मा काढला. "पण आता तुला याचा काय उपयोग?"

"मला नाही." तिने दाराबाहेर बोट दाखवलं. "पलीकडच्या टेबलावरची मुलगी हल्ली डबा तसाच परत नेते. विचारलं तर पित्त झालंय म्हणते."

सरांनी दारातून पाहिलं. ती मुलगी कवटी छापलेल्या बाटलीचं बूच काढत होती.